कन्येचे आरोग्य आणि मातेचा संकोच

शेतकऱ्याच्या घरी बैलाचा पाय दुखावला, तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे माणूस धावतो. मुलाला आठ दिवस खोकला राहिला, तर आई त्याला हाताला धरून दवाखान्यात नेते. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तर घरातील कर्ता पुरुष नेत्रशिबिराची चौकशी करीत फिरतो. परंतु त्याच घरातील पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दर महिन्याला चार दिवस पोट धरून अंथरुणावर पडते, तिची शाळा बुडते, चेहरा पांढराफटक होतो, जिना चढताना तिला दम लागतो. आणि तिच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. फार झाले तर ओव्याचा काढा आणि गरम पाण्याची पिशवी दिली जाते. "बाईच्या जन्माला हे आलेच," असे आजी म्हणते. "लग्न झाले की सारे ठीक होईल," असे आत्या म्हणते. आई काहीच म्हणत नाही, कारण तिच्या आईनेही तिला काही सांगितलेले नसते.

अशा विषयावर धर्मगुरूने लेखणी उचलावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मानवी शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही शिकवण आम्ही दृढीकरणाच्या वर्गात मुलामुलींना देत असतो. त्या मंदिराचे छप्पर गळत असताना त्याविषयी बोलणे हे मात्र असभ्यपणाचे, असे आम्ही कसे म्हणावे? औषधोपचार सांगणे हे आमचे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्याच्या वाटेवर जे भय, जी लाज आणि जे गैरसमज आडवे पडलेले आहेत, ते दूर करण्याचा यत्न करणे हे मात्र आमचे काम आहे, आणि तेवढ्यासाठीच हा लेख.

संकोचाचे मूळ

हा संकोच निव्वळ अज्ञानातून आला, असे म्हणणे आपल्या आजी-पणज्यांवर अन्याय करणारे ठरेल. त्या काळी स्त्रीने आपले दुखणे दाखवावे तर कोणाला? गावात सुईण होती. डॉक्टर असलाच तर तो पुरुष होता. परपुरुषापुढे अंग उघडण्यापेक्षा मरण बरे असे मानणाऱ्या स्त्रिया खरोखरच मरत होत्या. हे दुःख ओळखूनच आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात आपण वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस का जात आहोत, ते सांगितले : हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. १८८६ साली त्या पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरले होते. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या प्रश्नाचा एक अध्याय आहे, आणि तो आपल्या कुटुंबांत फारसा कोणाला ठाऊक नाही. व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी आणि बाळंतपणाची कामे करू नयेत, असा पूर्वी निर्बंध होता. अॅग्नेस मॅकलारेन या स्कॉटलंडमधील डॉक्टरबाई वयाच्या ६१ व्या वर्षी कॅथलिक झाल्या. रावळपिंडीच्या बाजूस पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि त्यापायी प्राणास मुकतात, हे जाणून त्यांनी तेथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामी पुढाकार घेतला, आणि भगिनींना डॉक्टर होऊ द्यावे म्हणून रोमकडे पुनःपुन्हा विनंती केली. १९१३ साली त्या निवर्तल्या. त्यांची विनंती तेव्हा मान्य झालेली नव्हती. त्यांच्याच प्रेरणेने ऑस्ट्रियाच्या अॅना डेंगेल डॉक्टर झाल्या, १९२० साली रावळपिंडीस आल्या, आणि १९२५ साली त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला. अखेर १९३६ साली रोमने तो निर्बंध उठविला. त्याआधीच, पोपमहोदयांच्या खास परवानगीने, ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी या भगिनी १९२० साली आंध्रातील गुंटूर येथे येऊन स्त्रियांची सेवा करू लागल्या होत्या. त्यांनी १९४३ साली स्थापिलेली कॅथलिक रुग्णालयांची संघटना आज सिकंदराबादेहून काम पाहते.

स्त्रीला आपले दुखणे लाज न बाळगता दुसऱ्या स्त्रीपुढे मांडता यावे, एवढ्यासाठी या बायांनी आयुष्ये वेचली. आज तालुक्याच्या गावी लेडी डॉक्टर भेटतात, उपकेंद्रात नर्सबाई असतात, गावात आशाताई आहेत. संकोचाचे कारण पुष्कळ अंशी गेले. संकोच मात्र घरात तसाच बसून आहे.

तपासणी म्हणजे काय

"मुलीला बायकांच्या डॉक्टरकडे नेले" एवढे कानी पडले, की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. यास्तव त्या भेटीत प्रत्यक्ष काय होते, ते आधी पाहू.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलीची अशी पहिली भेट १३ ते १५ वर्षे या वयात व्हावी, असे सुचविले आहे. या भेटीचा मोठा भाग म्हणजे नुसते संभाषण असते. पाळी कोणत्या वर्षी आली, किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, दुखते किती, अंगावरून पांढरे जाते काय, भूक व झोप कशी आहे, घरात कोणाला मधुमेह, क्षय किंवा रक्ताचा काही विकार आहे काय, असे प्रश्न डॉक्टर विचारतात. मग वजन, उंची व रक्तदाब पाहतात. डोळ्यांच्या पापण्या व नखे पाहून आणि रक्ताचा थेंब घेऊन रक्त कमी आहे काय, ते तपासतात. गरज वाटल्यास पोट वरून हाताने चाचपतात. सोनोग्राफी करावयाची झाली, तर भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून धरून, ती पोटावरूनच केली जाते.

आतून करावयाची तपासणी, जिच्या भयाने माता मागे सरतात, ती कोणतीही तक्रार नसलेल्या मुलीच्या बाबतीत करण्याचे कारणच नसते. आणि तक्रार असली तरी अविवाहित मुलीच्या बाबतीत डॉक्टर सहसा ती टाळतात. क्वचित ती अवश्य ठरलीच, तर तिचे कारण आधी सांगून, मुलीची व मातापितरांची संमती घेऊनच ती करावयाची असते. "का?" असे विचारण्याचा अधिकार मुलीला आहे आणि तिच्या आईलाही आहे.

तपासणीने मुलीच्या कौमार्यास बाध येतो, आणि उद्या लग्नाच्या वेळी प्रश्न उभा राहतो, हे दुसरे भय. याविषयी स्पष्ट बोलणे बरे. स्त्रीचे कौमार्य कोणत्याही वैद्यकीय तपासणीने सिद्ध करता येत नाही व खोडूनही काढता येत नाही. त्या पातळ पडद्याचा आकार प्रत्येकीत जन्मतःच निरनिराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा चाचण्या बंद कराव्यात असे आवाहन केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही बलात्कारपीडित स्त्रियांवर केल्या जाणाऱ्या तशा प्रकारच्या तपासणीचा २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली कठोर शब्दांत निषेध केला. शुचिता हा मनाचा आणि आचरणाचा गुण आहे. ती डॉक्टरच्या टेबलावर हरवत नाही.

आणखी एक गोष्ट. डॉक्टरबाई काही वेळ आईला बाहेर बसण्यास सांगतात. यात मातेचा अपमान नाही. पुष्कळशा गोष्टी मुलगी आईपुढे बोलू शकत नाही. आणि आम्हांस जड अंतःकरणाने हेही लिहिले पाहिजे की, नात्यातील किंवा ओळखीच्या कोणाकडून छळ झालेली मुलगी प्रथम तोंड उघडते ती कित्येकदा अशा एकांतातच. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर अशी गोष्ट पोलिसांना कळविणे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये डॉक्टरांवर बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. घराण्याची अब्रू राखण्यासाठी लेकराचा आक्रोश दाबणे हे पाप आहे. त्यास दुसरे नाव नाही.

केव्हा थांबू नये

पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती थोडीफार अनियमित असणे स्वाभाविक आहे. २१ दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंतचे अंतर या वयात चालते. त्यामुळे प्रत्येक लहानसहान फरकाने घाबरून जाऊ नये. परंतु पुढील लक्षणे दिसली तर मातांनी दिवस घालवू नयेत.

पंधरावे वर्ष पुरे झाले तरी पाळी आलेली नाही, किंवा तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढच दिसत नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी येत नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा मात्र येतात, असे असेल तर अधिकच त्वरा करावी. काही मुलींत तो पडदा जन्मतः पूर्ण बंद असतो. रक्त आत साठत राहते. एका लहानशा शस्त्रक्रियेने हा दोष दूर होतो. पण लाजेपायी दुखणे अंगावर काढले, तर मुलीचे हाल होतात आणि आतील अवयवांवर ताण येतो.

रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, एकेका तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड भिजून बदलावे लागत असेल, मोठाल्या गाठी पडत असतील, तर ती "अंगात उष्णता" नव्हे. पहिल्या पाळीपासूनच असे होत असेल, तर रक्त गोठण्याचा उपजत दोष असू शकतो. अशा मुलीच्या नाकातून वारंवार रक्त येते, किंवा दात काढल्यावर ते लवकर थांबत नाही. हेही डॉक्टरांना सांगावे.

तीन-तीन महिने पाळी येत नाही, अंगावर-चेहऱ्यावर दाट लव उगवते, वजन वाढत जाते, तर बीजांडांतील संप्रेरकांचा बिघाड असू शकतो. यास हल्ली पीसीओएस असे म्हणतात. मात्र कोवळ्या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून हा विकार ठरवू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे. त्या वयाच्या निरोगी मुलीतही तसेच चित्र दिसू शकते. म्हणून कागद पाहून घाबरू नये, आणि बिघाड असल्यास उपेक्षाही करू नये. कारण पुढे त्यातून मधुमेह जडण्याचा संभव वाढतो.

वेदनेविषयीही तसेच. थोडे दुखणे नैसर्गिक आहे. पण जी वेदना नेहमीच्या गोळीने थांबत नाही आणि मुलीला दर महिन्याला शाळेपासून किंवा कामापासून दूर ठेवते, ती सोसण्यासाठी दिलेली नाही. तिचे कारण शोधले पाहिजे. आणि पोटाच्या एका बाजूस अकस्मात असह्य कळ येऊन उलट्या होऊ लागल्या, तर सकाळ उजाडण्याची वाट पाहू नये. बीजांडाला पीळ पडला असेल तर ते वाचविण्यास काही तासच हाती असतात.

निळ्या गोळीची गोष्ट

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ३१ होते. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवून हा फरक का पडतो? मुलीच्या अंगातून दर महिन्याला रक्त जाते, हे एक कारण. तिच्या ताटात शेवटी उरलेसुरले पडते, हे दुसरे. आणि हे दुसरे कारण दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

या वयाच्या मुलीच्या रक्तातील हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. शाळेत व अंगणवाडीत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, तिच्यात लोह व फोलिक आम्ल असते. पुष्कळ मुली ती घेतात आणि घरी येताना टाकून देतात, कारण तिने मळमळते व शौचास काळे होते. काळे होणे हा रोग नव्हे. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. तिच्याबरोबर चहा घेऊ नये, लिंबू किंवा आवळा खावा. जंतांची गोळी वर्षातून दोनदा दिली जाते, तीही चुकवू नये. शेंगदाणे व गूळ, पालेभाज्या, मासळी, कलेजी ही मुलीच्या पानात पडावीत. तथापि रक्त फारच कमी असेल तर केवळ आहाराने ते भरून येत नाही. औषध घ्यावेच लागते.

औषधाविषयी एक शंका

अति रक्तस्राव किंवा असह्य वेदना यांवर डॉक्टर कधी कधी संप्रेरकांच्या गोळ्या देतात. याच गोळ्या संततिप्रतिबंधासाठीही वापरल्या जातात, हे कळताच श्रद्धावंत माता घाबरतात आणि औषध अर्ध्यावर सोडतात. त्यांच्या समाधानासाठी सांगतो : संततिनियमनाविषयीच्या पोप पॉल सहावे यांच्या १९६८ च्या परिपत्रातच (परिच्छेद १५) याचा खुलासा आहे. शारीरिक व्याधी बरी करण्यासाठी जे उपचार अवश्य असतात, त्यांमुळे संततीस अडथळा येणार हे आधी दिसत असले तरी, तो अडथळा हाच हेतू नसेल तर ते उपचार ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाही. मग अविवाहित मुलीच्या आजारावरील औषधाविषयी मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही. औषध सुरू ठेवावे. काही त्रास झाल्यास परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

कर्करोग आणि लस

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना होतो, आणि त्यापायी सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मरतात, असा २०२२ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्या बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या असतात. म्हणजे कोणाची तरी आई, कोणाची तरी तरुण सासू. हा रोग बहुतांशी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा प्रवेश आणि रोगाची वाढ यांत पुष्कळदा दहा-वीस वर्षे जातात. यामुळेच हा रोग टाळता येण्याजोगा आहे.

पहिला उपाय लशीचा. ती ९ ते १४ या वयात सर्वांत गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास उत्तेजन देण्याचे जाहीर केले. आपल्या केंद्रात ती कोणत्या वयाच्या मुलींना मिळते, किती वेळा घ्यावी लागते, हे आशाताईंना किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे.

वडोदऱ्याकडील आमच्या वाचकांस एक जुनी गोष्ट स्मरत असेल. २००९ साली त्या जिल्ह्यात व आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प चालला होता. काही मुलींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या आणि २०१० साली तो थांबविण्यात आला. चौकशी समितीला ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही. परंतु पालकांची रीतसर संमती घेण्यात गंभीर त्रुटी राहिल्याचे उघड झाले. यातून बोध हा घ्यावा की लस नाकारू नये, पण कागदावर सही करण्यापूर्वी सर्व माहिती विचारून घ्यावी. पालकाची सही म्हणजे अंगठा उमटविण्याचा उपचार नव्हे.

"आमची मुलगी सुशील आहे, तिला ही लस कशाला?" असेही विचारले जाते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरे. परंतु विवाहापर्यंत पूर्ण शुद्ध राहिलेल्या वधूलाही तो पतीकडून मिळू शकतो; आणि पतीच्या पूर्वायुष्याची हमी कोण देणार? लस घेतल्याने मुलगी बिघडत नाही. तिला चांगले वळण लावणे हे आपले काम आहे, ते आपण करावे. तिच्या प्राणाची राखण हेही आपलेच काम आहे.

दुसरा उपाय तपासणीचा. येथे धाराशिव व सोलापूर भागातील ग्रामीण भगिनींचे जगावर उपकार आहेत. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने, ३० ते ५९ वयाच्या १ लक्ष ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे झाले. खेड्यातील बायांनी दिलेल्या या दाखल्यावर आज जगातील डॉक्टर विसंबून आहेत. आणि आपल्याच देशात, वर सांगितलेल्या पाहणीनुसार, ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांतील दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

म्हणून वयाचा हिशेब नीट ध्यानात ठेवावा. कोवळ्या मुलीला या कर्करोगाची तपासणी लागत नाही, तिला लस. आपल्या देशात सर्वसाधारण स्त्रीची तपासणी तिसाव्या वर्षापासून, दर पाच वर्षांनी करावी असे ठरले आहे. विवाहित स्त्रीला त्याआधीही संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, पाळी नसताना रक्तस्राव होणे, अशी लक्षणे दिसल्यास वयाकडे न पाहता जावे. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तपासणी चुकवू नये.

नवविवाहितांसाठी

लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत मूल झाले नाही, की बोट सुनेकडे दाखविले जाते. वास्तविक दोष पतीमध्येही तितकाच असू शकतो, आणि पुरुषाची तपासणी तर अधिक सोपी असते. ती प्रथम वा बरोबरीने व्हावी. आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयरोगाने वंध्यत्व आल्याची उदाहरणेही डॉक्टरांना वारंवार भेटतात. वेळीच ओळखल्यास क्षयरोगावर सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. नवस जरूर करावा, वेलांकणी मातेला जरूर जावे. पण जाण्यापूर्वी किंवा आल्यावर पतिपत्नींनी दोघांनी मिळून डॉक्टरकडेही जावे. आणि विवाह ठरत असताना मुलीचे आजारपण लपविण्याची जी चाल आहे, तिने कोणाचेच कल्याण होत नाही. लपविलेला आजार सासरी बरा होत नाही. तो फक्त तेथे एकाकी होतो.

कोठे जावे, काय मागावे

प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालये येथे २०१४ सालापासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. त्याखाली किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला-केंद्रे आहेत. कर्नाटकात त्यांस 'स्नेहा', महाराष्ट्रात 'मैत्री' व मध्य प्रदेशात 'उमंग' असे नाव आहे. बेळगावकडील वा इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी आपल्या केंद्रात या नावाने चौकशी करावी. जेथे लेडी डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरांनाच दाखवावे लागते, तेथे तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री हजर असावी, ही मागणी निःसंकोचपणे करावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क नमूद आहे. तसाच आडोशाचा आणि गुप्ततेचाही.

जाण्यापूर्वी मुलीने एका लहान वहीत पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. तीन-चार महिन्यांच्या तारखा समोर असल्या, की डॉक्टरांचे अर्धे काम होते. आई नसेल तर मावशीने, वहिनीने किंवा मोठ्या बहिणीने सोबत जावे. आणि वडिलांनी काय करावे? त्यांनी "हा बायकांचा विषय" म्हणून उठून जाऊ नये. गाडीभाड्याचे व औषधाचे पैसे न मागता पुढे करावेत, आणि मुलगी घरी परतल्यावर "बरे आहे ना, बाळ?" एवढे विचारावे. एवढ्याने मुलीच्या मनावरील केवढे ओझे उतरते, हे पुष्कळ बापांना ठाऊकच नसते.

शुभवर्तमानातील त्या स्त्रीची कथा आपण सर्वांनी मिस्सामध्ये कितीदा तरी ऐकली आहे. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. जवळचे सर्व द्रव्य तिने वैद्यांवर खर्चिले होते. तिच्या समाजात ती अशुद्ध गणली जात होती. म्हणून ती मागून, गर्दीत लपून आली आणि प्रभूच्या वस्त्राला तिने हळूच स्पर्श केला. प्रभूने तिला रागे भरले नाही. लोकांदेखत तिचे दुखणे ऐकून घेतले, तिला 'मुली' म्हणून हाक मारली आणि शांतीने घरी पाठविले. ज्या आजाराचा प्रभूला विटाळ झाला नाही, त्याचा आपल्याला का व्हावा?

आपल्या घरातील मुलीला बारा वर्षे गर्दीत लपण्याची पाळी येऊ देऊ नका. या आठवड्यात, भांडी आवरून झाल्यावर, तिला जवळ बसवा आणि विचारा. ती आधी लाजेल, कदाचित "काही नाही" म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.